पाण्याचा जडपणा आणि झाडांची खतं : प्लांटेड टँकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातली झाडं लावलेली माशांची टाकी, म्हणजे प्लांटेड टँक, ठेवणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. बहुतेकांना जडपणा आणि खत हे दोन वेगळे विषय वाटतात. ते वेगळे नाहीत. पाणी जड करणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हीच झाडांची अन्नद्रव्यं आहेत. त्यामुळे तुमच्या नळाला काय येतं हे कळल्याशिवाय खताची बाटली उघडण्यात अर्थ नसतो. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जीएच आणि केएच म्हणजे नक्की काय? दोन्ही जडपणाच ना?

नावं सारखी असली तरी मोजतात वेगळं. जीएच म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केएच म्हणजे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, म्हणजेच आम्ल पडलं तरी पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद. झाडांच्या पोषणाचा संबंध जीएचशी आहे. पीएच आणि सीओटूचा (झाडांसाठी टाकीत सोडतात त्या कार्बन डायऑक्साइडचा) हिशेब केएचवर चालतो.

दोन्ही डिग्रीत मोजतात. एक डिग्री म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा जडपणा. प्रयोगशाळेच्या अहवालात आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला १७.९ ने भागा.

२. टेस्ट किट न घेता पाणी जड आहे की मऊ, हे कळेल का?

अंदाज येतो. तूरडाळ शिजायला नको इतका वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार साचतात, तर पाणी जड आहे. धरणाचं किंवा तलावाचं पाणी बहुधा मऊ असतं. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून येणारं पाणी मऊच आहे. दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड निघतं. टँकरचं पाणी मात्र आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या विहिरीचं. त्यावर कसलाच अंदाज बांधू नका.

अंदाजावर खत मोजता येत नाही, म्हणून जीएच आणि केएचची थेंबांची किट घ्याच. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जायचे आणि रंग बदलेपर्यंत पडलेले थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री. कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. दमट हवेत त्या लवकर खराब होतात.

३. टीडीएस मीटर आहे. तो पुरेसा नाही का?

नाही. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कॅल्शियमचे आहेत की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. आज पाणी कालच्यासारखंच आलं आहे ना, हे बघायला तो उत्तम. या फरकाने कसा फटका बसतो ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. सोसायटीचा अहवाल 'पिण्यायोग्य' म्हणतो. मग झाडांनाही चालेलच ना?

त्या शब्दावरून काहीच ठरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. डिग्रीत हे ११ ते ३३ होतं. इतक्या मोठ्या पट्ट्यात कुठलंही पाणी बसेल. तरी अहवाल जपून ठेवा, कारण त्यात जडपणा, क्षारता (म्हणजे केएच) आणि नायट्रेट हे तिन्ही आकडे असतात आणि तिन्ही कामाचे आहेत. नायट्रेटचं कारण प्रश्न ९ मध्ये.

५. मग जीएच आणि केएच किती असावा?

नेहमीच्या मिश्र टाकीला जीएच ४ ते १०, केएच २ ते ८. याच्या थोडं खालीवर असलं तरी बिघडत नाही. आकड्यापेक्षा तो स्थिर असणं मोलाचं. केएच १२ वर वर्षभर असलेली टाकी डोळ्यांचं पारणं फेडते, आणि दर आठवड्याला ३ वरून ९ वर उडी मारणाऱ्या टाकीत क्रिप्टोकोरिनची पानं वितळून जातात.

६. बोअरचं पाणी आहे, जीएच २०. झाडं लागणारच नाहीत का?

लागतील. हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण त्यापायी लोक छंदच सोडतात. बहुतेक झाडांना कॅल्शियम जास्त झालं म्हणून त्रास होत नाही. अडचण असते ती केएच जास्त असल्याने पीएच चढा राहतो आणि लोह झाडाला मिळत नाही याची (प्रश्न ११).

व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला तर बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात. जड पाणी त्यांच्या पथ्यावर पडतं. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन वेंडटी, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, सॅजिटेरिया, सेराटोफायलम हीसुद्धा निभावतात. मासे म्हणाल तर गप्पी आणि मॉली जड पाण्यातच खुलतात. हट्ट धरू नये तो टोनिना, सिंगोनँथस, बरेचसे इरिओकॉलन आणि रोटाला मॅकरँड्रा यांचा. त्यांना केएच अगदी कमी लागतो.

माझी पहिली मोठी टाकी बोअरच्या पाण्यावर होती. दोन वर्षं मी तीत लाल रोटाला जगवायचा प्रयत्न केला. शेवटी व्हॅलिस्नेरिया लावली आणि चार महिन्यांत मागची भिंत हिरवीगार झाली. पाण्याला साजेशी झाडं निवडणं हा पहिला उपाय असावा, आरओ हा शेवटचा.

७. तरी पाणी मऊ करायचंच आहे. आरओ किती मिसळू?

साधं त्रैराशिक आहे. बोअरचा जीएच २०, हवा ८. आठ भागिले वीस म्हणजे चाळीस टक्के बोअर, साठ टक्के आरओ. तीस लिटर पाणी बदलायचं असेल तर बारा लिटर बोअरचं, अठरा लिटर आरओचं. केएचही त्याच प्रमाणात उतरतो.

घरच्या आरओ यंत्रात बहुधा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची सोय असते, काहींत खनिजांचं काडतूसही असतं. म्हणून आपल्या यंत्राचं पाणी शून्य धरू नका, मोजा. वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला, संडासाला वापरा. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ते गटारात सोडवणार नाही.

पाणी उकळलं तर केएच उतरतो आणि चुना तळाशी बसतो, पण टाकीभर पाणी उकळणं व्यवहार्य नाही. तुरटीनेही केएच उतरतो. तो मार्ग टाकीसाठी धरू नका, कारण नेमकं प्रमाण साधत नाही आणि चुकलं तर पीएच कोसळतो.

८. आमच्याकडे उलटं आहे. पाणी इतकं मऊ की नवी पानं वाकडी येतात. जीएच कसा वाढवू?

जीएच २ च्या खाली असेल तर कॅल्शियम कमी पडत असण्याची शक्यता मोठी. शंभर लिटर पाण्याचा जीएच एक डिग्रीने वाढवायला लागतं:

कॅल्शियम सल्फेट (जिप्सम) ३.१ ग्रॅम, किंवा
कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.६ ग्रॅम, किंवा
मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम सॉल्ट) ४.४ ग्रॅम.

वजनाने तीन भाग कॅल्शियमला एक भाग मॅग्नेशियम हे प्रमाण मी धरतो. डिग्रीच्या भाषेत ते साधारण दोनास एक होतं. तीन डिग्री वाढवायच्या तर शंभर लिटरला ६ ग्रॅम जिप्सम आणि ४.४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. जिप्सम सावकाश विरघळतं, टाकी दिवसभर गढूळ दिसेल, घाबरू नका. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना गरम होतं, म्हणून आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून घ्या.

यातल्या कशानेही केएच वाढत नाही. तो वाढवायला खायचा सोडा, शंभर लिटरला ३ ग्रॅम म्हणजे एक डिग्री. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर ३.६ ग्रॅम. ते अधिक चांगलं, सोडियमऐवजी झाडाला पालाश मिळतो. एका दिवसात एका डिग्रीपेक्षा जास्त बदल करू नका.

९. दुकानातल्या खताच्या बाटल्या महाग पडतात. कृषी सेवा केंद्रातली खतं चालतील का?

चालतील, आणि महाराष्ट्रात आपण या बाबतीत नशीबवान आहोत. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमुळे ठिबकची विद्राव्य खतं तालुक्याच्या गावीही मिळतात. फक्त पिशवीवरचे आकडे नीट वाचा. ते नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने असतात.

१३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. नत्र नायट्रेटच्या रूपात, सोबत पालाश. टाकीचं मुख्य खत हेच.
०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. स्फुरदासाठी.
०-०-५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. फक्त पालाश हवा असेल तेव्हा.

घ्यायचं नाही ते १९-१९-१९ आणि १२-६१-०. पहिल्यात बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं, दुसऱ्यात सगळंच अमोनियाच्या रूपात. शेतात ते उत्तम खत आहे. टाकीत अमोनिया माशांना मारतो, आणि जड पाण्यात पीएच चढा असल्याने त्याचं विष आणखी तीव्र होतं. फवारणीची सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणंही टाळा. त्यांतलं तांबं आणि जस्त पिकाच्या हिशेबाने असतं, झिंग्यांना ते सोसत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली तेवढी अ‍ॅक्वेरियमचीच घ्या.

एक महत्त्वाचा अपवाद: शेतीच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच भरपूर असू शकतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या अहवालात ३०-४० दिसत असेल तर १३-०-४५ टाकूच नका. पालाशासाठी ०-०-५० वापरा, शंभर लिटरला २.४ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पालाश.

१०. नेमकं किती टाकायचं? ग्रॅममध्ये सांगा.

टाकीत राखायचे आकडे असे: नायट्रेट ५ ते २० पीपीएम, फॉस्फेट ०.५ ते २, पालाश १० ते २०, लोह ०.१ च्या आसपास.

अर्धा लिटर आरओच्या पाण्यात १७ ग्रॅम १३-०-४५ आणि दीड ग्रॅम ०-५२-३४ विरघळवा. यातलं ५० मिलिलिटर शंभर लिटरच्या टाकीला आठवड्याचं खत. त्यातून सुमारे १० पीपीएम नायट्रेट, ७ पीपीएम पालाश आणि १ पीपीएम फॉस्फेट मिळतं. एकदम ओतण्यापेक्षा तीन दिवसांत वाटून टाका. ही मात्रा सीओटू आणि भरपूर प्रकाश असलेल्या, झाडांनी गच्च भरलेल्या टाकीसाठी आहे. सीओटू नसेल तर पाव मात्रेने सुरुवात करा. मासे भरपूर असतील तर नायट्रेट त्यांच्या खाण्यातूनच मिळतं, आधी मोजून बघा.

द्रावणाला जड पाणी वापरू नका, फॉस्फेट कॅल्शियमबरोबर साका होऊन तळाशी बसतं. लोहाची बाटली वेगळी ठेवा आणि वेगळ्या दिवशी टाका, कारण फॉस्फेट लोहालाही धरून बसतं. दर आठवड्याला तीस ते पन्नास टक्के पाणी बदललं की उरलेलं खत साचत नाही. बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

११. लोह नियमित टाकतो, तरी नवी पानं पिवळट-पांढरी येतात. असं का?

ऊस लावणाऱ्या घरातल्या कुणालाही हे दाखवलं तर तो लगेच म्हणेल, केवडा पडलाय. चुनखडीच्या रानात जमिनीत लोह असूनही उसाला मिळत नाही, तेच तुमच्या टाकीत होतंय. केएच आणि पीएच जास्त असला की लोह गंजासारखं साकळून बसतं.

उपाय चिलेटमध्ये आहे. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारा रेणू. ईडीटीएची पकड पीएच ६.५ च्या वर सैल होते. डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकतं. ईडीडीएचए त्याहूनही वर टिकतं, पण पाणी गुलाबीसर लाल होतं, त्यामुळे शोभेच्या टाकीत ते थोडंच वापरा. जड पाणीवाल्यांनी डीटीपीए घ्यावं आणि आठवड्याला एकदा जास्त टाकण्याऐवजी खताचे दिवस सोडून रोज चिमूटभर टाकावं. मुळांतून खाणाऱ्या क्रिप्टोकोरिन आणि स्वोर्डला वाळूत खताची गोळी खोचणं हा सर्वांत सोपा मार्ग.

१२. पानं पिवळी पडली की प्रत्येक जण वेगळं सांगतो. ओळखायचं कसं?

आधी बघा, पान जून आहे की कोवळं. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर जून पान सगळंच पिवळं पडतं. पालाश कमी असेल तर बारीक भोकं पडतात आणि भोकांच्या कडा पिवळ्या होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोह आणि कॅल्शियम झाडाला असं हलवता येत नाही, त्यामुळे त्रास शेंड्याला: लोहाने फिकट पानं, कॅल्शियमने वाकडी आणि आखडलेली.

नव्याने आणलेल्या झाडाची जुनी पानं पहिले तीन आठवडे जातातच. तो काळ जाऊ द्या, निदान त्यानंतर करा.

१३. सोसायटीत सॉफ्टनर बसवला. जीएच शून्य आला, पण झाडं आणखीच बिघडली. हे कसं?

सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन बदल्यात सोडियम सोडतो. त्यामुळे टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, केएचही तेवढाच राहतो, फक्त झाडांचं अन्न निघून जातं. म्हणजे जड पाण्याची अडचण तशीच आणि फायदा गेला. सॉफ्टनरच्या आधीच्या जोडणीतून पाणी घेता येतं का ते प्लंबरला विचारा. ते शक्य नसेल तर सॉफ्टनरचं पाणी आरओमधून काढा आणि प्रश्न ८ प्रमाणे खनिजं घाला. सॉफ्टनरच्या पाण्यात थेट जिप्सम घालून जीएच वाढतो, पण सोडियम तसंच राहतं.

१४. सीओटू पुरेसा आहे हे केएचवरून कसं काढतात?

केएचला तीनने गुणा, मग दहाच्या घातांकात (७ वजा पीएच) घेऊन त्याने गुणा. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर सीओटू सुमारे ३० पीपीएम येतो. केएच ८ ला तोच सीओटू पीएच ६.९ वर मिळतो. केएच दुप्पट झाला की पीएच ०.३ ने वर, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. तीसच्या वर जाऊ नका. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर आकडा काही असो, गॅस बंद करा आणि पाणी खळबळू द्या.

हे गणित पाण्यात सीओटूशिवाय दुसरं आम्ल नाही असं धरून चालतं. लाकडाचा चहासारखा रंग उतरलेल्या किंवा अ‍ॅक्वासॉइल (तळाला घालायची झाडांची खास माती) असलेल्या टाकीत ते सीओटू फुगवून दाखवतं. तिथे ४ केएचच्या प्रमाणित द्रावणाचा ड्रॉप चेकर (सीओटूप्रमाणे रंग बदलणारी, टाकीत लावायची छोटी कुपी) वापरा, हिरवा रंग म्हणजे सुमारे ३०.

१५. अ‍ॅक्वासॉइल टाकल्यापासून केएच शून्यावर आलाय. सोडा टाकू का?

नको. ही माती केएच शोषूनच घेते, तिचं कामच ते. तुम्ही सोडा टाकाल, ती पुन्हा खाईल आणि लवकर निकामी होईल. पीएच ६ ते ६.५ ला स्थिर असेल तर शून्य केएचही चालतो. गोगलगायी मात्र ठेवू नका, त्यांचे शंख झिजतात. पहिले काही आठवडे या मातीतून अमोनिया सुटतो, तो मोजून शून्य आल्यावरच मासे सोडा.

१६. पाणी बदलताना मऊ पाणीच टाकतो, तरी जीएच हळूहळू चढतोय.

दोन कारणं. पहिलं बाष्पीभवन. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. विदर्भाच्या मे महिन्यात उघड्या टाकीची पातळी रोज उतरते आणि प्रत्येक वेळी नळाचं पाणी भरलं की क्षारांची भर पडते. भर आरओच्या पाण्याची टाका आणि काचेचं झाकण ठेवा.

दुसरं दगड आणि वाळू. संगमरवर, चुनखडी, शिंपले पाणी जड करतात. कोकणच्या किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, ती वापरू नका. आपला काळा बेसॉल्ट निर्धोक, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे असतील तर तपासा. ते झिओलाइट असतील तर बरं, कॅल्साइट असतील तर पाणी जड होईल. व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर तो दगड टाकीबाहेर.

१७. पानांवर पांढरा खरखरीत थर येतो. बुरशी आहे का?

नाही, चुना आहे. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिलासारखी झाडं (प्रश्न ६) बायकार्बोनेट वापरतात तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट पानावर बसतं. संध्याकाळी पीएच चढलेला दिसेल. झाडांना कार्बन कमी पडतोय याची ती खूण आहे. थोडा सीओटू दिला तर थांबतं.

१८. खत टाकलं की शेवाळ येतं. बंद करू?

खत बंद केलं की आधी झाडं उपाशी मरतात, कुजणाऱ्या पानांवर शेवाळ आणखी माजतं. प्रकाश कमी करा, दिवसाला सहा ते सात तास. सीओटू रोज त्याच वेळी सुरू होतो ना ते पाहा. खताची मात्रा प्रश्न १० मधल्या पट्ट्यात असेल तर तिला हात लावू नका.

१९. पावसाळ्यात नळाचं पाणी बदलतं का?

बदलतं. धरणात नवं पाणी येतं, जडपणा उतरतो, गढूळपणामुळे तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढते. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला केएच मोजा, क्लोरीनविरोधी द्रावण न विसरता वापरा आणि एका वेळी वीस टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नका. बोअरचं पाणी उपसल्यावर लगेच पीएच मोजलात तर तो कमी दिसतो, कारण जमिनीतला सीओटू त्यात विरघळलेला असतो. रात्रभर हवा मारून सकाळी मोजा.

२०. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या ओढ्यात टाकीत शोभतील अशी झाडं दिसतात. आणली तर जगतील का?

आणू नका. कासच्या डबक्यांतला वायतुरा आणि गेंदाचे प्रकार पावसाच्या, जवळजवळ क्षार नसलेल्या पाण्यात, काही महिन्यांच्या हंगामात वाढतात. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात ते तगत नाहीत, आणि वायतुऱ्यासारखी झाडं जगात फक्त सह्याद्रीतच आहेत. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, तिथून काहीही उपटणं गुन्हा आहे. कोकणच्या ओढ्यांतली क्रिप्टोकोरिन हवीशी वाटत असेल तर तिचे भाईबंद रोपवाटिकेत वाढवलेले मिळतात. पाणवनस्पती आवडणाऱ्यांनी सप्टेंबरात पठारावर जावं, गुडघ्यावर बसून त्या डबक्यांत बघावं, आणि जमलं तर खिशातल्या टीडीएस मीटरने तिथलं पाणी मोजावं. मऊ पाणी म्हणजे काय ते तिथे कळतं.